दगड संपला नव्हता

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कटनीकडच्या एका बंद खदानीवर लेख आला. चुनखडी आणि फायरक्ले (भट्टीचा ताप सोसणाऱ्या विटांची, म्हणजे फायरब्रिकची माती) अशी दोन्ही तिथून निघायची, पुढे ‘दगड संपला’ म्हणून खदान बंद पडली आणि आता तिथे निळ्याशार पाण्याचं तळं झालं आहे, सहलीला जाण्याजोगं, असा लेखाचा सूर आहे. छायाचित्र सुंदर आहे. पण इतिहास म्हणून जे लिहिलं त्यातलं मुख्य वाक्यच चूक आहे आणि सहलीचा सल्ला धोक्याचा आहे, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, सांभाळून घ्यावं.

चुनखडीच्या खदानीत दगड क्वचितच संपतो. खड्डा खोल जातो आणि पंपाचा खर्च दगडाच्या भावाला गाठतो. सरकारने दिलेल्या खाणपट्ट्याची हद्द लागते. एक टन दगड काढायला वरची किती माती हलवायची, ते प्रमाण वर्षागणिक चढत जातं. आणि गिऱ्हाईक जातं. कटनी-जबलपूर भागात हे शेवटचं कारण सगळ्यांत मोठं आहे, आणि लेखात त्याचा उल्लेखच नाही.

१८६७ मध्ये अलाहाबाद-जबलपूर रेल्वे सुरू झाली आणि कटनीच्या चुन्याला दूरचा बाजार मिळाला. १८९१ मध्ये बिलासपूरकडून बंगाल-नागपूर रेल्वे उमरियावरून कटनीला येऊन मिळाली, आणि उमरियात कोळसा होता. भट्टीला दगड आणि कोळसा एवढंच लागतं. दोन्ही एका स्टेशनात आले. मग सिमेंट आलं. १९१४ मध्ये पोरबंदर, १९१५ मध्ये कटनी, १९१६ मध्ये बुंदी संस्थानातलं लाखेरी, असे तीन कारखाने महायुद्धाच्या तोंडावर आणि युद्धात उभे राहिले. बाहेरून येणारं सिमेंट युद्धाने अडलं आणि त्यांचा जम बसला. १९२३ मध्ये कटनीजवळच्या कैमोरचा कारखाना सुरू झाला. विसाच्या दशकात कारखाने इतके झाले की एकमेकांचे भाव पाडू लागले, आणि १९३६ मध्ये दहा कंपन्या मिळून एसीसी (असोसिएटेड सिमेंट कंपनीज) झाली. बांधकामातला चुना त्यानंतर हळूहळू मागे पडत गेला. चुना पिकायला वेळ लागतो, घाणीवर मळावा लागतो, गवंड्याला त्याची नाडी कळावी लागते. सिमेंटची गोणी फोडली की काम सुरू.

इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि जुन्या खदानीची भिंत वाचायची तर ती ठाऊक हवी. चुना भाजणाऱ्याला शुद्ध दगड लागतो, कार्बोनेट ९० टक्क्यांच्या वर असलेला. सिमेंटवाल्याचं ८० टक्क्यांवरही भागतं, कारण त्याला माती घालायचीच असते. म्हणून चुन्याच्या जुन्या खदानीत उत्तम पट्टा तेवढा कोरून नेलेला दिसतो आणि मधले मळकट, सिलिकायुक्त पट्टे तसेच उभे असतात. लेखकाने ज्यांना ‘निसर्गाने कोरलेले खांब’ म्हटलं आहे ते बहुधा हेच असावेत. भट्टीवाल्याने तो दगड नाकारला होता.

फायरक्लेचं गिऱ्हाईक तर एकामागून एक उठून गेलं. वाफेच्या इंजिनाच्या फायरबॉक्समध्ये फायरब्रिकची कमान असते. ज्वाळेची वाट लांबावी आणि कोळसा पुरता जळावा म्हणून. ती ठरावीक काळाने बदलावी लागते. चित्तरंजनच्या रेल्वे कारखान्यात वाफेची इंजिनं बांधणं १९७२ मध्ये थांबलं, नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत ब्रॉडगेजवरची वाफ संपली आणि कमानींची मागणी तिच्याबरोबर गेली. वितळलेलं पोलाद ओतायच्या भांड्याला, म्हणजे लॅडलला, पूर्वी फायरक्लेच्या विटा पुरत. पुढे तिथे जास्त अॅल्युमिनाच्या आणि मॅग्नेशिया-कार्बनच्या विटा आल्या. इंदूरकरांना जवळचं उदाहरण हवं असेल तर गिरण्यांच्या चिमण्या आठवाव्या. गिरणीला वाफ देणाऱ्या लँकेशायर बॉयलरच्या बाजूंच्या आणि तळाच्या धुराच्या वाटा फायरब्रिकने मढवलेल्या असत, दर मोठ्या दुरुस्तीला काही भाग नवा बसे. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली तेव्हा हजारो कामगारांचं नुकसान झालं, ते सगळ्यांनी पाहिलं. अशा प्रत्येक बॉयलरमागे कुठेतरी मातीची एक खदानही थंड होत होती, ते इथून दिसत नव्हतं.

आता लेखात जे अजिबात नाही आणि आमच्या मते या खदानीच्या इतिहासाचं मर्म आहे ते सांगतो. चुनखडी आणि फायरक्ले शेजारी असणं ही सोय दिसते, पण ही दोन द्रव्यं एकमेकांची वैरी आहेत. खदानीची सगळी शिस्त त्या वैरातून आली.

फायरक्ले म्हणजे मुख्यतः केओलिन जातीची माती. शुद्ध केओलिनाइटमध्ये अॅल्युमिना साडेएकोणचाळीस टक्के, सिलिका साडेसेहेचाळीस आणि बाकी १४ टक्के पाणी. लोह, चुना, सोडा-पोटॅश जितकं कमी तितकी माती जास्त ताप सोसते. खोदलेली माती लगेच वापरत नाहीत. उघड्यावर पसरून एक पावसाळा तरी खाऊ देतात. ढेकळं फुटतात, गंधकयुक्त क्षार धुऊन जातात, माती हाताला मऊ होते. मग भाजून दळलेली पक्की माती, म्हणजे ग्रॉग, साधारण निम्मी आणि कच्ची माती निम्मी असा मेळ. नुसत्या कच्च्या मातीची वीट वाळताना आणि भाजताना इतकी आकसते की तडे जातात. ग्रॉग एकदा आकसून झालेली असते, म्हणून ती विटेचं माप धरून ठेवते. २३० बाय ११५ बाय ७५ मिलिमीटरची वीट सावलीत हळू वाळवून १,२५० ते १,३५० अंशांपर्यंत भाजायची.

या मातीत चुनखडीचा हरभऱ्याएवढा खडा गेला की काय होतं ते पाहा. भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो. वीट भट्टीतून ठणठणीत बाहेर येते, गोदामात जाते. मग हवेतला ओलावा त्या खड्यापर्यंत पोचतो, चुना विरतो, फुगतो, आणि आठ-पंधरा दिवसांनी विटेचा टवका उडतो. आत पांढरा ठिपका. पावसाळ्यात लवकर. खडा अगदी बारीक दळला गेला तर टवका उडत नाही, पण नुकसान त्याहून मोठं असतं. चुना, अॅल्युमिना आणि सिलिका एकत्र आले की सुमारे १,२०० अंशांपासूनच त्यांचा रस होऊ लागतो. सोळाशे अंश सोसायला हवी ती वीट मग भट्टीत वाकते.

उलट बाजूनेही तेच. दगडाला माती चिकटून भट्टीत गेली की ती वितळून दगडाला दगड जोडते. खंगर तयार होतो, भट्टीचा घाणा अडकतो, वरून घातलेला माल खाली उतरत नाही. मजूर पहारीने डिवचतात आणि अडकलेला घाणा एकदम खाली बसतो. त्यात माणसं भाजली आहेत. बारीक चुरा जास्त असला तरी हवा कोंडते: खालचा दगड अर्धा कच्चा, मधला जळून मेलेला. जळालेला चुना विरायला फार वेळ घेतो, आणि तो गिलाव्यात गेला तर महिन्यांनी भिंतीवर फोड येतात.

म्हणून अशा खदानीत क्रम ठरलेला असे. वरचा मुरूम आणि खडक आधी, तो वेगळ्या ढिगावर. मग माती हाताने, सुरुंग न लावता, कारण सुरुंगाने चुरा मिसळतो. मातीखालचा दगड खराट्याने झाडायचा, खळग्यांतली माती खरवडायची आणि मगच दगडात भोकं पाडायची. मातीच्या गाड्या वेगळ्या, दगडाच्या वेगळ्या. पाऊस पडला की माती काढणं बंद, कारण ओघळाबरोबर दगडाचा चुरा येतो. ही शिस्त मोडली की पहिली तक्रार वीट-कारखान्यातून येई आणि माल परत येई.

आणि तरी या वैऱ्यांचं एकमेकांवाचून भागत नाही. चुन्याच्या भट्टीचं अस्तर फायरब्रिकचंच. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो वायू उडतो, ५६ किलो चुना उरतो. प्रत्यक्षात एक टन चुन्याला जवळजवळ दोन टन दगड आणि पाव टनाच्या आसपास कोळसा जातो. त्यासाठी ९०० अंशांच्या वरचा ताप दिवसरात्र धरायचा, आणि त्या तापात चुना अस्तर खात राहतो. मधल्या गरम पट्ट्यातल्या विटांना हिरवट काचेसारखा थर येतो, त्या झिजतात, भट्टी थंड करून बदलाव्या लागतात. काढलेल्या विटा जवळच्या ढिगावर फेकत. तो ढीग म्हणजे या खदानीचं दप्तर आहे. जुन्या विटांवर कारखान्याचा छाप असतो, बर्न, कुमारधुबी वगैरे. कोणत्या थरात कोणता छाप आहे ते नोंदवलं तर भट्टी कधी कोणाकडून माल घेत होती ते कळतं. लेखकाने या ढिगाला ‘मलबा’ म्हटलं आहे. तो उचलून रस्त्यात घालू नये, एवढी कळकळीची विनंती.

भिंतही काळ सांगते. हाताने पहार मारून पाडलेली भोकं आखूड, किंचित वाकडी आणि अंतरात अनियमित असतात. जॅकहॅमरची भोकं साधारण ३२ ते ३४ मिलिमीटरची, सरळ, दीड मीटरच्या आसपास. सुरुंगानंतर त्यांची अर्धी नळी भिंतीवर राहते. शंभर मिलिमीटरच्या पुढची नळी दिसली तर ते मोठ्या यंत्राचं, अलीकडचं काम. धातूखाणींच्या १९६१ च्या नियमांनी माती-मुरुमात दीड मीटर आणि कठीण दगडात सहा मीटरपर्यंतच्या पायऱ्या घालायला सांगितलं, मातीतल्या पायरीची रुंदी उंचीपेक्षा कमी नको. खड्ड्याची एक बाजू सरळसोट आणि दुसरी पायऱ्यांची असेल तर सरळ बाजू बहुधा आधीची. हे सगळं पंधरा मिनिटांत, काठावर उभं राहून दुर्बिणीने पाहता येतं.

कागद शोधायचे तर एक अडचण आहे. चुनखडी हे मुख्य खनिज, पण तीच इमारतीच्या चुन्यासाठी भट्टीत गेली तर गौण खनिज. फायरक्ले मुख्य खनिज होतं, ते फेब्रुवारी २०१५ पासून गौण झालं. त्यामुळे एकाच खड्ड्याचे कागद दोन दप्तरांत वाटलेले असतात: मुख्य खनिजाचे भारतीय खाण ब्युरोकडे, ज्याचं मुख्यालय नागपूरला आहे, आणि गौण खनिजाचे राज्याच्या खनिज खात्याकडे. अपघात आणि सुरक्षेची नोंद तिसरीकडे, धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाखाली. एका दप्तरात ‘काम बंद’ असं दिसलं म्हणून खदान त्या साली बंद झाली असं लिहू नये. तेव्हा फक्त दगड थांबला असेल आणि माती निघत असेल. खदान बंद करण्याचा आराखडा देण्याची सक्ती २००३ मध्ये आली. त्याआधी सोडलेल्या खड्ड्यांचा असा आराखडा मागू नये, तो नसतोच. तिथे भिंत आणि ढीगच वाचायचे.

पाण्याबद्दल. निळा रंग स्वच्छतेचा पुरावा नाही. पाण्यात तरंगणाऱ्या अतिबारीक चुनखडीच्या कणांवर प्रकाश विखुरतो, म्हणून ते निळं दिसतं. पायऱ्या पाण्याखाली गेलेल्या असतात: काठाला गुडघाभर पाणी, दोन पावलं पुढे सहा मीटर, पुन्हा पायरी, पुन्हा सहा. काठावरून दोरी टाकून मोजलेली खोली म्हणून खोटी. चुनखडीवर मातीचा पातळ गाळ बसला की ती साबणासारखी निसरडी होते, आणि सरळ भिंतीला पकडायला काही नसतं.

लेखाच्या शेवटी खड्डा शहराच्या मलब्याने भरून मैदान करण्याची सूचनाही आहे. नुसता विटा-काँक्रीटचा मलबा असेल तर एकवेळ विचार करता येईल. पण मलब्याच्या नावाखाली कचरा येतोच, आणि चुनखडी भरीव नसते; तिच्या सांध्यांतून, विरघळून झालेल्या नळ्यांतून पाणी लांब पळतं. कचऱ्याचा काळा रस एका खड्ड्यात सोडला तर तो पुढच्या गावाच्या विहिरीत निघेल. देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवर, म्हणजे शहराच्या कचरा डेपोवर, उघड्या जमिनीवरचे ढीग साफ करायला किती कष्ट पडले ते इंदूरने पाहिलं आहे. पाण्याखालचा कचरा तसा उपसता येत नाही.

भुयारी काम असेल तर गणित आणखी कडक. समजा चार मीटर चौरस खांब आणि मध्ये सहा मीटरची वाट. खांबाच्या वाट्याला दहा बाय दहा, म्हणजे शंभर चौरस मीटर छत येतं आणि खांब सोळा चौरस मीटरचा. वरचा भार सव्वासहा पट होऊन त्यावर बसतो. जाता जाता खांब तासून तीन मीटरचा केला की तोच भार अकरा पट. चुनखडीचा खांब तेही सोसेल, पण तो ओल्या मातीवर उभा असेल तर खांब न फुटता जमिनीत रुततो आणि छत वरून खचतं. इंग्लंडमधल्या डडलीजवळचा परिसर याच जोडीचा: चुनखडी तिथली, आणि काचभट्टीच्या कुंड्यांसाठी प्रसिद्ध फायरक्ले शेजारच्या स्टोरब्रिजची. तिथल्या जुन्या भुयारांवर शहर वाढलं, जमीन खचू लागली, आणि शेवटी खाणकचरा आणि राख कालवून केलेला लगदा पंपाने आत भरावा लागला. पण त्यांनी रेन्स नेस्टची टेकडी १९५६ मध्ये भूशास्त्रीय राखीव क्षेत्र म्हणून जपली. काय भरायचं आणि काय ठेवायचं हे मोजणी करून ठरवलं.

मोजणी अवघड नाही. काठावर दोन पक्के बिंदू धरून १:५०० चा नकाशा, दर वीस-पंचवीस मीटरला भिंतीचा उभा छेद, प्रत्येक पट्ट्याची जाडी. प्रत्येक पट्ट्यातून वेगळा नमुना, दहा सेंटिमीटर रुंद आणि पाच खोल चर मारून. सगळं फोडून, चार भाग करून, समोरासमोरचे दोन ठेवत दोन किलोवर आणायचं. पहिली पारख दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब: चुनखडी जोरात फसफसते, चांगली फायरक्ले गप्प राहते. मातीवर बुडबुडे आले तर ती विटेला निकामी. दुसरी पारख कॉलेजच्या मफल भट्टीतही होते. शंभर ग्रॅम वाळवलेला दगड १,००० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवायचा. ४० ग्रॅम घटले तर कार्बोनेट ९१ टक्क्यांच्या आसपास. ४४ च्या वर घट आली तर आनंदू नये, त्यात मॅग्नेशियम आहे. तो डोलोमाइटकडे झुकणारा दगड, चुन्याच्या हिशेबात वेगळा धरायचा.

हे कशासाठी, असं कोणी विचारेल. १९८४ च्या आगीत जळालेल्या इंदूरच्या राजवाड्याच्या दुरुस्तीत पुन्हा चुना वापरला गेला, आणि माळव्यातल्या छत्र्या, घाट, वाडे यांना पुढेही तो लागणार आहे. सिमेंटने त्यांचे जुने सांधे गुदमरतात, ओल आत अडकते, दगडाचे पापुद्रे सुटतात. त्यासाठी वर्षाला थोडाच, पण ओळखीचा आणि शुद्ध दगड हवा. बंद खदानींत सोडून दिलेल्या पट्ट्यांत तो कुठे कुठे उभा आहे. कुठे, ते मोजल्याशिवाय कळणार नाही, आणि भरून टाकल्यावर तर नाहीच.

शेवटी छायाचित्राबद्दल, आणि यासाठी पुढच्या अंकाची वाट न पाहता आपण खुलासा छापावा. डाव्या बाजूला खडकाची कड पुढे आली आहे आणि तिच्याखाली सावलीत मुलं डबे उघडून बसली आहेत. ती गुहा नाही. वरचा कठीण थर तसाच ठेवून खालची फायरक्ले कोणीतरी कोरून नेली आहे. कडेच्या मुळाशी राखाडी पट्टा स्पष्ट दिसतो. पावसात ती माती भिजून मऊ होते, उन्हात आकसून भेगाळते, आणि दर वर्षी वरच्या कडेचा आधार थोडा मागे सरकतो. कडेच्या माथ्यावर, काठापासून हातभर आत, काठाला समांतर एक भेग आहे. छायाचित्र मोठं करून पाहिलं की दिसते. तिच्यात गवत उगवलं आहे, म्हणजे ती आजची नाही.

आपले,
खदान, भट्टी आणि मोजणीच्या कामातून निवृत्त झालेले काही वाचक
इंदूर